आजीच्या बटव्याचं कापड: पैठणी, हिमरू की मशरू?

बटव्यातली_नात (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात जुन्या घरातली ट्रंक उपसली. तळाशी मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला आजीचा बटवा निघाला. वीतभर उंच, खालून अर्धगोल, तोंडाला दोन रेशमी नाड्या आणि नाड्यांच्या टोकांना गोंडे. एक गोंडा अर्धा झडलाय. आत सुपारीचं एक खांड आणि दोन लवंगा होत्या, त्या तशाच ठेवल्यात.

कापड डाळिंबी आणि पिवळ्या उभ्या पट्ट्यांचं आहे. डाळिंबी पट्ट्यांमध्ये बाणाच्या टोकासारख्या पांढरट खुणा आहेत, कडा जरा विरघळल्यासारख्या. वरून हात फिरवला की बोट घसरतं इतकं गुळगुळीत, आणि आत बोट घातलं की जुन्या धुतलेल्या पंचासारखं लागतं. अस्तर नाही, एकच कापड आहे.

आई म्हणते, तिच्या आजीची पैठणी फाटली होती, तिचा हा तुकडा. मामा म्हणतो हिमरू आहे, औरंगाबादहून आणलेलं. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे कापड नेमकं कोणतं? आणि गोंडा कोण दुरुस्त करून देईल? फोटोत रंग नीट येत नाहीत म्हणून इतकं लिहिलं.

कापडवाचक (लातूर)

ताई, आधी एक विनंती. धुऊ नका, इस्त्री फिरवू नका आणि उन्हात ठेवू नका.

मी 30 वर्षं वस्त्रकला शिकवली. मुलांना पहिल्या दिवशी एकच सांगायचो, कापड हातात आलं की उलटं करा. सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते, विणकर काय करत होता ते पाठीवर दिसतं. तुमच्या वर्णनातलं सगळ्यात मोलाचं वाक्य 'जुन्या धुतलेल्या पंचासारखं' हे आहे.

पैठणीची पाठ आणि पोट एकसारखं असतं, त्यामुळे ती शक्यता मी बाजूला ठेवतो. हिमरूच्या पाठीवर नक्षीचे जास्तीचे रेशमी धागे सुटे लोंबत असतात, बोट घातलं तर अडकेल. तुमचं बोट अडकलं नाही. मला हा मशरू वाटतो. खात्रीसाठी बटव्याच्या शिवणीत कुठे कापड उसवलंय का बघा. तिथून एक उभा आणि एक आडवा धागा चिमट्यानं अलगद काढा. पट्टे ज्या दिशेनं धावतात तो ताणा, आडवा तो बाणा. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा निघाला तर मशरू. उलट निघालं, म्हणजे ताणा सुती आणि बाणा रेशमी, तर हिमरूकडे परत वळू.

नवाबपुरा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, सर बरोबर सांगून राह्यले. आमचे दादा, म्हणजे आजोबा, हिमरू विणायचे. लहानपणी मी मागाच्या खाली खड्ड्यात पाय सोडून बसायचो, तवा वर जाळ्याची दोरी ओढायला दुसरा माणूस असायचा. नक्षी आधी दोऱ्यांच्या गाठीत बांधून ठेवायची, मग एकानं दोर ओढायचे आणि दुसऱ्यानं धोटा फेकायचा. नंतर पंच केलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उचलणारे जॅकार्ड आले, ओढणाऱ्याचं काम गेलं.

हिमरू हा शब्द 'हम-रू'वरून आला असं आमच्यात सांगतात, म्हणजे तोंडावळा सारखा. कोणासारखा, तर किनखाबासारखा. किनखाब म्हणजे अस्सल रेशीम आणि सोन्याचांदीची जर. ते दरबारी काम. त्याच रुबाबाचं पण सुताच्या ताण्यावरचं म्हणजे हिमरू. महंमद बिन तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कारागीर इकडं आले, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. निजामाच्या काळात शेरवान्यांना हिमरू जायचा.

मशरू आमच्या शहरातच विणायचे. शब्दाचा अर्थच 'शरीयतनं परवानगी दिलेला'. मर्दांना निव्वळ रेशीम अंगाला लावायची मनाई, म्हणून रेशीम वर आणि अंगाला सूत. आजीच्या बटव्यात तुम्ही बोट घातलं ते त्या परवानगीच्या बाजूनं.

कापडवाचक (लातूर)

नवाबपुराभाईंच्या शेवटच्या वाक्याला थोडं तंत्र जोडतो. मशरूची वीण साटिनची असते. रेशमी ताण्याचा धागा सुताच्या अनेक बाण्यांवरून तरंगत जातो आणि मग एकाखाली बुडी मारतो. शेजारचा धागा दुसऱ्याच जागी बुडी मारतो. त्यामुळे वरून सलग रेशीम दिसतं आणि सगळं सूत पाठीमागे जमतं. दोन थर शिवलेले नसतात, एकाच विणीत दोन स्वभाव असतात. हे मला आजही फार सुंदर वाटतं. गुजरातेत पाटण आणि मांडवीकडे हे काम चालतं.

आणि हा विचार फक्त आपल्याकडचा नाही. तुर्कस्तानात गाझियानतेपला 'कुतनू' नावाचं कापड विणतात, तेही रेशमी ताणा, सुती बाणा, साटिन वीण, उभे पट्टे. अरबीत कापसाला 'कुत्न' म्हणतात, त्यावरून ते नाव. उझबेकिस्तानात मर्गिलानला 'अद्रस' विणतात, पुन्हा रेशमी ताणा आणि सुती बाणा, फक्त वीण साधी. त्यावरच्या विरघळत्या कडांच्या नक्षीला ते 'अब्र' म्हणतात. फारसीत अब्र म्हणजे ढग. आपल्या संस्कृत 'अभ्र'चं हे सख्खं भावंड.

ताई, तुमच्या बटव्यावरच्या बाणांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात त्याचं कारणही हेच. विणण्याआधी ताण्याचे धागे घट्ट बांधून रंगात बुडवलेत. बांधलेल्या जागी रंग शिरला नाही, तिथं पांढरं राहिलं. मागावर धागे केसभर मागेपुढे सरकतात आणि कड पुसट होते. पाटणच्या पटोळ्यात ताणा आणि बाणा दोन्ही असे बांधून रंगवतात आणि विणताना एकमेकांवर अचूक बसवतात. ती पटोळी एके काळी इंडोनेशियात जायची आणि तिथं घराण्याची ठेव म्हणून पूजेच्या वेळीच बाहेर काढली जायची.

हातमाग_पैठण

पैठणीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी मागावर बसतो, अजूनही.

पदरावर मोर काढायचा असतो तेव्हा प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी लागते. मोराची मान, पंख, मागची जर, एका ओळीत कधी कधी वीस-पंचवीस कांड्या लोंबत असतात. हिरवी संपली की तिथंच वळवायची, शेजारच्या जरीच्या धाग्यात कडी घालायची आणि परत फिरायचं. पूर्ण रुंदीभर धागा जात नाही. म्हणून पाठीमागं काही लोंबत नाही आणि दोन्ही अंगांनी मोर तोच. भरलेला पदर असला की दिवसाला इंचभर पुढं सरकतं.

पैठणी विकत घेताना सरळ पदर उलटा करा. माझ्या मावसबहिणीला लग्नात एका मोठ्या दुकानातून 'हातमागाची' म्हणून दिली. मी घरी गेल्यावर उलटी केली तर पाठीवर कापलेल्या धाग्यांची कूस. यंत्रमागाची होती, आणि धागा जाळून बघितला तर प्लास्टिकसारखा वितळून गोळा झाला. ती पोरगी रडली. पैशांपेक्षा तिला वाटत होतं की आपण फसलो हे सगळ्यांना कळलं. रेशमाला सिल्क मार्कचं लेबल असतं ते बघा, आणि पाठ बघा.

कापडवाचक (लातूर)

हातमाग_पैठण, तुमची कडी घालण्याची पद्धत ऐकून एक सांगायलाच हवं. चीनमध्ये हेच तंत्र 'कसू' नावानं ओळखलं जातं. तिथेही प्रत्येक रंगाचा बाणा त्याच्या जागेपुरताच जातो, पण ते कडी घालत नाहीत. दोन रंगांच्या मध्ये उभी फट सुटते. उजेडात धरलं की चित्राच्या रेघा कोरल्यासारख्या दिसतात, म्हणून त्याला 'कापलेलं रेशीम' म्हणतात. सोंग राजघराण्याच्या काळात चित्रकारांची चित्रं तशीच्या तशी या विणीत उतरवली गेली. जपानात क्योतोच्या निशिजिन भागात याच घराण्यातलं 'त्सुझुरे' विणतात. तिथले काही कारागीर बोटांची नखं करवतीच्या दात्यांसारखी घासून ठेवतात आणि त्या नखांनी बाणा ओढून ठोकून बसवतात.

हातमाग_पैठण

नखांचं वाचून मी माझी बोटं बघितली. आमच्यात फणीनं ठोकतात, पण धागा उचलायला डाव्या हाताच्या बोटाचं नख आम्हीही वाढवून ठेवतो. वडिलांचंही होतं.

तुतीबाग (गेवराई)

सगळे विणण्यावर बोलताय, मी त्याच्या आधीचं सांगतो. आमची दीड एकर तुती आहे. आधी कापूस होता, दुष्काळात दोनदा हात पोळले, मग रेशीम शेतीकडं वळलो. तुतीला उसापेक्षा कितीतरी कमी पाणी लागतं, ठिबकवर निभतं. बीड-जालना भागात म्हणून इतके शेड उभे राहिले.

एक अंडीपुंज म्हणजे एका मादीनं घातलेली चारशे-पाचशे अंडी. आम्ही शंभर-दीडशे अंडीपुंजांची बॅच घेतो. चॉकीतून, म्हणजे अंडी उबवून आळ्या लहानाच्या जरा मोठ्या करतात त्या केंद्रातून, बाळआळ्या येतात. चार वेळा कात टाकतात, कात टाकताना खाणं बंद, मान वर करून स्तब्ध. शेवटच्या अवस्थेत मात्र एकूण पाल्याच्या ऐंशी टक्क्यांच्या वर पाला तेवढ्या आठवड्यात संपतो. त्या दिवसांत घरात लग्न असलं तरी शेड सोडता येत नाही. रात्री शेडमध्ये गेलं की दूर कुठं बाजरी पाखडतंय असा आवाज येतो. मग आळी पिवळसर, पारदर्शक व्हायला लागते, तिला चंद्रिकेवर, म्हणजे कोष करायच्या जाळीवर, सोडायचं. दोन-तीन दिवस ती आठच्या आकड्यात डोकं फिरवत स्वतःभोवती धागा गुंडाळते. चांगल्या पांढऱ्या कोषात हजार मीटरच्या आसपास एकसलग धागा निघतो.

2018 मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू झाला, राज्यातला पहिला. त्याच्या आधी आम्ही पोती ट्रॅव्हल्सवर टाकून कर्नाटकात रामनगरला न्यायचो. रात्रभर प्रवास, सकाळी लिलाव, आणि भाषा येत नाही. भाव पडला तरी कोष परत आणता येत नाहीत. आत पतंग तयार होत असतो, दहा-बारा दिवसांत तो कोष फोडून बाहेर येतो आणि धागा तुटतो.

माझं म्हणणं असं की आमचा कोष जवळपास सगळा बाहेर जातो, तिथं त्याचा धागा काढतात, आणि तोच धागा पैठणला मागावर येतो तो बंगळुरूचा म्हणून. गेवराईहून पैठण एका तासाच्या अंतरावर. माझ्या कोषाची पैठणी मी कधी बघितली असेल तरी मला कळलेलं नाही. मला हे फार लागतं. एक किलो कच्चं रेशीम निघायला चांगल्या प्रतीचे सहा-सात किलो कोष लागतात. आमच्याकडं कोष आहेत, माग तुमच्याकडं आहे. कोषाचा धागा काढायची मधली कढई तेवढी आपल्याकडं कमी आहे.

हातमाग_पैठण

तुतीबागदादा, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ताण्याला लागणारा धागा एकसारखा जाड, पीळ पक्का आणि गाठी कमी असा हवा. तो ज्या कारखान्यात निघतो तिथूनच आम्ही घेतो. इकडं धागा काढण्याचे प्रयत्न चालू आहेत, मी एकदा तसा धागा बाण्याला वापरला. चमक उत्तम होती. ताण्याला लावायची हिंमत झाली नाही, कारण सहा वार मध्येच तुटत राहिला तर माझा महिना जातो. पण बाण्यासाठी मी तुमच्याकडचा धागा घेईन. मेसेज करतो.

परभणीच्या_काकू

आमच्या सासूबाई सोवळ्यात रेशमी मुकटाच नेसायच्या. कद म्हणायचे काही घरांत. सुती लुगडं रोज धुऊन वाळत घालायचं, त्याला कोणाचा हात लागला की संपलं. रेशीम तसं विटाळत नाही अशी त्यांची समजूत. वाळत घालायला वेगळी काठी होती, उंच टांगलेली. आम्ही मुली त्या काठीखालून वाकून जायचो.

तुतीबाग, एक विचारते. राग मानू नका. आळीला मारून काढलेला धागा देवघरात कसा चालला, हे मला सासूबाईंना कधी विचारता आलं नाही.

तुतीबाग (गेवराई)

काकू, राग कशाला. आमच्या आईनंही पहिल्या बॅचला हाच प्रश्न केला होता. कोष वाफेत किंवा गरम हवेत सुकवतात तेव्हा आतला जीव मरतो. हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. आसाममध्ये एरी नावाचं रेशीम आहे, त्याचा कोष एका टोकाला उघडा असतो. पतंग निघून गेल्यावर तो कापसासारखा कातता येतो. पण तो एरंडाच्या पानावर वाढतो आणि धागा एकसलग निघत नाही, पोत लोकरीसारखा लागतो. पैठणीची झळाळी त्याला येणार नाही. आई आता शेडमध्ये येते, पाला टाकते, पण कोष विकायच्या दिवशी येत नाही. मी तिला कधी आग्रह केला नाही.

नवाबपुरा (छत्रपती संभाजीनगर)

काकूंच्या गोष्टीवरून आठवलं. आमच्याकडं मर्दांच्या अंगाला निव्वळ रेशीम नको, पण काबागृहाचा किसवा, म्हणजे त्यावर चढवायचं आच्छादन, काळ्या रंगवलेल्या अस्सल रेशमाचा असतो. त्याला सहाशे किलोंच्या वर रेशीम लागतं आणि कुराणातल्या आयती सोन्यारुप्याच्या तारांनी भरतात. दरवर्षी नवा चढतो. अम्मीला हज करून आल्यावर विचारलं, काय बघितलं? ती आधी त्या कापडाबद्दलच बोलली. विणकराची सून होती शेवटी.

बटव्यातली_नात (अंबाजोगाई)

सरांनी सांगितलं तसं केलं. बटव्याच्या बुडाशी दोन बोटं शिवण उसवलेली होती. पट्ट्यांच्या दिशेचा धागा काढला तो डाळिंबी, चकाकणारा, इतका बारीक की चिमट्यात दिसेना. आडवा धागा मळकट पांढरा आणि जाड. दोन्ही वेगवेगळे जाळले. आडवा कागदासारखा भुर्रकन पेटला, करडी राख. डाळिंबी धागा आकसत गेला, ज्योत बाजूला केली तशी विझली, केस जळल्याचा वास आला आणि काळा मणी बोटात चुरला. म्हणजे ताणा रेशीम, बाणा सूत.

आईला सांगितलं, मशरू आहे, पैठणी नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, माझ्या आजीकडं पैठणी होती तरी कुठं.

गोंडेवाली (नांदेड)

ताई, गोंड्याचं मी सांगते. आम्ही पटवेकरी. आमच्या सासऱ्यांचं दुकान होतं, मी लग्न होऊन आल्यावर शिकले. मंगळसूत्र ओवणं, करदोडे, बाळाच्या कुंचीचे गोफ, बैलांच्या पोळ्याचे गोंडे. पोळ्याचे आता लोकरीचे आणि नायलॉनचे झाले. मंगळसूत्रं सोन्याच्या साखळीत गेली. पूर्वी काळी पोत रेशमात गाठवून दरवर्षी बदलून न्यायला बायका यायच्या, बसायच्या, बोलायच्या. ते बसणंही गेलं.

काम करताना दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे. सर म्हणतील तसं जपानातही रेशमाचे गोफ विणतात, त्याला कुमिहिमो म्हणतात, माझ्या मुलीनं मोबाइलवर दाखवलं. ते गोल पाटावर वजनं लटकवून करतात. वजनं जिथं लटकतात ते काम आमचा अंगठा करतो.

तुमच्या गोंड्यासाठी तीन गोष्टी. झडलेले धागे फेकले असतील तर फडक्यात शोधा, एक-दोन तरी सापडतील, रंग जुळवायला लागतात. उरलेला गोंडा कात्रीनं सारखा करू नका. आणि गोंड्याच्या मानेवर जी घुंडी आहे ती बघा, तिथं जरीचा वेढा आहे का?

बटव्यातली_नात (अंबाजोगाई)

मावशी, फडक्यात चार धागे सापडले! घुंडीवर जर आहे, काळी पडलीय. पुसू का?

गोंडेवाली (नांदेड)

पुसू नका. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो, घासलं की सोनं जातं आणि चांदी उघडी पडते. काळी राहू द्या. मी घुंडी तशीच ठेवून खालचा गोंडा नवा बांधीन, जुने धागे मधोमध घेऊन. कोणी नांदेडला येणारं असेल त्याच्या हाती पाठवा, पोस्टानं नको.

कापडवाचक (लातूर)

ठेवण्याबद्दल दोन शब्द. मलमलच्या फडक्यातच ठेवा, आजीनं बरोबर केलं होतं. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा धरतो. डांबरगोळी कापडाला किंवा जरीला टेकू देऊ नका. आणि उसवलेली शिवण भरायची असेल तर आधी आत दुमडलेला भाग एकदा नीट बघा.

बटव्यातली_नात (अंबाजोगाई)

सर, बघितला. खिडकीपाशी बसून उसवलेल्या जागेतून दुमड हळूच उलगडली. आत उजेड कधी लागलाच नव्हता. बाहेरचा डाळिंबी रंग तिथल्या रंगापुढं विटकरीच म्हणायला हवा, आतला ओल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा आहे. आणि त्या दुमडीत शिवणीपासून बोटभर अंतरावर बारीक भोकांची एक सरळ रांग आहे. सुईची भोकं. बटव्याच्या शिवणीशी त्यांचा काही संबंध नाही.

नवाबपुरा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, हा कपडा बटव्यासाठी घेतलेला नाही. आधी दुसरं काही शिवलेलं होतं, ते उसवून त्यातून बटवा केला. मशरूच्या रजया व्हायच्या, विजारी व्हायच्या, अंगरख्यांच्या बाह्या व्हायच्या. भोकं किती जवळजवळ आहेत?

बटव्यातली_नात (अंबाजोगाई)

अगदी जवळ. एका इंचात बारा मोजली.

नवाबपुरा (छत्रपती संभाजीनगर)

मग रजई नाही. रजईला टाके लांब घालतात. हे कोणाच्या तरी अंगावरचं होतं, आणि चांगल्या शिंप्यानं शिवलेलं.

बटव्यातली_नात (अंबाजोगाई)

आईला विचारलं. तिला काही माहीत नाही. मामाला रात्री फोन करते, तो घरातल्या जुन्या गोष्टी लक्षात ठेवतो.

गोंडेवाली मावशी, माझा चुलतभाऊ शनिवारी नांदेडला येतोय. बटवा त्याच्याकडं देते, चार धागे कागदाच्या पुडीत वेगळे ठेवलेत. सुपारी आणि लवंगा मी काढून घेतल्यात. बुडाची शिवण तेवढी भरू नका, ती तशीच उघडी राहू द्या.